पाठकोरे

प्रिंटर म्हणतो, पिवळी शाई संपली.
मी म्हणते, तुझं काय ऐकायचं.
कार्ट्रिज काढते,
थर्मामीटर झटकावा तसं तीनदा झटकते,
परत बसवते.
अजून नऊ पानं निघतात.
मागच्या वेळी अकरा निघाली होती.

आमच्याकडे सगळं ड्राफ्टमध्ये छापतात.
अक्षरं आजारातून उठल्यासारखी,
समास चिमटीत मावेल एवढा,
गॅसचं बिल, ईशानीच्या शाळेचं पत्र, सगळं करडं.
रंग फक्त व्हिसाच्या कागदांना,
आणि पासपोर्ट आल्यापासून तोही बंद.
तेवीस पौंडांचं कार्ट्रिज, पस्तीस पौंडांचा प्रिंटर.
दुकानातला पोरगा म्हणाला, नवा प्रिंटरच घ्या,
आत शाई असते.
असते. अर्धी. मला माहीत आहे.

जिन्याखालच्या कपाटात पाठकोऱ्यांचा गठ्ठा,
एका अंगाने कामाला आलेले,
दुसऱ्या अंगाने अजून वाट बघणारे.
नवरा म्हणतो, आपण इथे एकेक कागद जपतो
आणि हंबर नदीवरचा वारा
या हल शहरातले अख्खे पेपर उडवून नेतो.
वाऱ्याला घर चालवायचं नसतं, मी म्हणते.

फेब्रुवारीत शेजारची ब्रेंडा दाराशी आली,
घरातल्या सपाता घालूनच.
बोका तीन दिवस परतला नव्हता.
बोक्याचं नाव केनेथ.
(नवऱ्याचं रॉय होतं.)
वीस पत्रकं हवी होती. रंगीत.
रंगीत, आणि वीस.
तोंडातून हो गेलं
आणि हात आपसूक गठ्ठ्याकडे.

नारिंगी बोका पिवळ्याशिवाय गुलाबी निघतो
हे मला तेव्हा कळलं.
पहिली चार पानं तो मांजरासारखा होता,
पाचव्याला लाजला,
बाराव्याला पार गुलकंद.
मी झटकलं, फुंकलं, ओल्या फडक्याने टिपलं,
केनेथ गुलाबीच.
ब्रेंडाने एकेक पान उजेडात धरलं.
म्हणाली, निदान लोक थांबून बघतील.

दोघींनी मिळून खांबाखांबाला लावली,
मी टेप दाताने तोडत होते, बेताबेताने.
रात्री पाऊस झाला, इथला, आडवा.
गुलाबी ओघळून फुटपाथवर आला
आणि ओल्या कागदांतून पलीकडची बाजू उमटली.

तिसऱ्या दिवशी फोन.
मी इंग्रजीत विचारलं, बोका सापडला का?
पलीकडची बाई सरळ मराठीत,
"बोका नाही हो दिसला.
कागदाचा कोपरा सुटलाय, म्हणून पाठीमागचं वाचलं.
चकलीच्या भाजणीत धणे किती?
नेमकी तिथेच टेप आहे."

वैजयंता धायगुडे. फलटणच्या.
इस्पितळात रात्रपाळी करतात.
बसस्टॉपवर उभ्या राहून वाचत होत्या,
तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन,
उडदाची एक, आणि पुढे टेप.
मी सांगितलं, अर्धी वाटी.
मग जिरं सांगितलं. मग भाजायचं कसं.
मग त्यांची बस गेली. मग पुढचीही.

फोन ठेवला आणि पोटात खड्डा पडला.
बाकीच्या एकोणीस खांबांवर
आपण काय काय लावून आलोय?
नवऱ्याच्या साखरेचा रिपोर्ट,
माझी पगाराची स्लिप,
सासूबाईंशी झालेला मेलचा वाद, पान दोन.
ब्रेंडाला टॉर्च धरायला लावून
मी खांबामागून खांब सोलत गेले.
तेरा सापडली.
सहा हंबरच्या वाऱ्याने वाचायला नेली.

केनेथ दहाव्या दिवशी आपणहून आला,
कान फाटका, अंग आणखी जाड,
रंग नारिंगी.
कुणाच्या तरी घरी जेवत होता.

रविवारी वैजयंताबाई आल्या.
चकल्या दोघींनी पाडल्या,
पहिला घाणा तेलात विरला, कुणी कबूल केलं नाही.
निघताना म्हणाल्या, तेवढं लिहून द्याल का?
मी छापून दिलं.
नव्या, दोन्ही बाजूंनी कोऱ्या कागदावर.

ड्राफ्टमध्येच, अर्थात.